संशोधकाचं ग्रीन कार्ड: पात्रता नेमकी कशावर ठरते?

पोघोस कझारियन हे आर्मेनियाचे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. येरेवानच्या विद्यापीठातून पीएचडी झालेले, पुढे कॅलिफोर्नियात येऊन ग्लेनडेल कम्युनिटी कॉलेजात शिकवू लागलेले. २००३ च्या शेवटी त्यांनी ‘असामान्य क्षमता’ या गटातून अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला. फायलीत शोधनिबंध होते, स्वतः छापून घेतलेलं पाठ्यपुस्तक होतं आणि कॅलटेकच्या किप थॉर्न यांचं पत्रही होतं. हे तेच थॉर्न, ज्यांना पुढे २०१७ चं नोबेल मिळालं. अर्ज फेटाळला गेला. अपीलही फेटाळलं गेलं. प्रकरण नाइन्थ सर्किटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया ज्यात येतं त्या विभागाच्या, संघीय अपील न्यायालयात पोचलं आणि मार्च २०१० मध्ये न्यायाधीशांनी दोन गोष्टी सांगितल्या. इमिग्रेशन खात्यानं नियमात नसलेल्या अटी आपल्या मनानं घातल्या, हे चुकलं. पण त्या अटी बाजूला ठेवल्या तरी कझारियन यांचे दहापैकी दोनच निकष पुरे होतात, आणि लागतात तीन. थोडक्यात, ते हरले.

हरलेल्या या माणसाचं नाव मात्र कसोटीला चिकटलं. आज या गटातला प्रत्येक अर्ज ‘कझारियन’च्या दोन पायऱ्यांवर तपासला जातो: आधी निकष मोजायचे, मग सगळी फाइल एकत्र बघायची. अमेरिकेतल्या कुठल्याही विद्यापीठात चार भारतीय पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर मुदतीच्या जागेवर संशोधन करणारे, जेवायला बसले की हे नाव निघतंच, बहुतेकदा चुकीच्या अर्थानं.

नोबेलच्या तोडीच्या शास्त्रज्ञाचं पत्र असूनही काम होत नाही, आणि दुसरीकडे फारसं कुणाला ठाऊक नसलेला एखादा पोस्टडॉक पंधरा दिवसांत मंजुरी घेऊन येतो. हे कसं? कारण संशोधक किती हुशार आहे हे मोजायचं साधन इमिग्रेशन अधिकाऱ्याकडे नसतं. तो तुमच्या विषयातला नसतो. अनोळखी माणसांनी तुमच्या कामाचं काय केलं, याचा कागदोपत्री पुरावा तेवढा तो मोजू शकतो. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचे नियम बरेच सोपे होतात.

आजची रचना १९९० च्या इमिग्रेशन कायद्यानं घातली. नोकरी आणि कौशल्याच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं, आणि ती पाच पसंतीक्रमांत वाटलेली. संशोधकाच्या कामाचे रस्ते त्यातले तीन. पहिल्या पसंतीतला ईबी-१-ए, म्हणजे असामान्य क्षमता. त्याच पसंतीतला ईबी-१-बी, म्हणजे नामवंत प्राध्यापक आणि संशोधक. आणि दुसऱ्या पसंतीतली राष्ट्रीय हिताची सवलत, जिला सगळे एनआयडब्ल्यू म्हणतात. तिन्हींचा फॉर्म एकच, आय-१४०. ए आणि एनआयडब्ल्यूमध्ये तुम्ही स्वतःच अर्जदार होऊ शकता. नोकरी देणारा असो वा नसो. बी-साठी मात्र विद्यापीठानं किंवा कंपनीनं अर्ज करावा लागतो.

ईबी-१-ए पासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

नोबेलसारखा एखादा मोठा जागतिक पुरस्कार असेल तर तो एकटा पुरतो. तसा तो कुणाकडे नसतो, म्हणून दहा निकषांची यादी आहे आणि त्यातले किमान तीन पुरे करायचे. यादी सगळ्या क्षेत्रांसाठी एकच असल्यानं तिच्यात चित्रप्रदर्शनं आणि तिकीटबारीवरचं यशही आहे. ते आपण सोडून देऊ. संशोधकाच्या कामाचे उरतात ते असे: राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्यता असलेले पुरस्कार, निवडक संस्थांचं सदस्यत्व, तुमच्यावर इतरांनी केलेलं लेखन, इतरांच्या कामाचं परीक्षण, मोठं महत्त्व असलेलं मूळ योगदान, विद्वत्तापूर्ण लेख, नामांकित संस्थेतली प्रमुख किंवा कळीची भूमिका, आणि क्षेत्रातल्या इतरांहून खूप वरचा पगार. पोस्टडॉकला पगाराचा निकष वाचून हसूच येईल.

समजण्यासाठी एक काल्पनिक माणूस घेऊ. मेधा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून (एनसीएल) पीएचडी, आता ओहायोत पोस्टडॉक. पाण्यातलं आर्सेनिक वेगळं काढणारे पातळ पडदे, म्हणजे मेम्ब्रेन, हा तिचा विषय. चौदा निबंध, चारशेच्या आसपास सायटेशन, म्हणजे इतरांच्या निबंधांत तिच्या कामाचे दाखले, आणि पस्तीस-चाळीस हस्तलिखितांचं पिअर रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधीचं परीक्षण.

लेखांचा निकष मेधा सहज पार करते. इथे कझारियनच्या निकालाचा तिला थेट फायदा आहे. ‘लेख छापून आले, पण विद्वानांनी त्यांची दखल घेतली का?’ असा प्रश्न खातं याच निकषाखाली विचारायचं. न्यायालयानं सांगितलं, नियमात फक्त लेख लिहिल्याचं म्हटलंय, तेव्हा पहिल्या पायरीवर तेवढंच बघा. परीक्षणाचा निकषही तसाच. पिअर रिव्ह्यू केल्याचा पुरावा दिला की झालं. मात्र नुसतं निमंत्रण आल्याचा ईमेल पुरत नाही, रिव्ह्यू खरोखर करून दिल्याची नियतकालिकाकडची पोच लागते. पुष्कळ जण त्या पोचा जपून ठेवत नाहीत आणि मग सहा वर्षांपूर्वीच्या संपादकांना मेल करत बसतात.

दोन झाले. तिसरा?

पुरस्कार बघावा तर मेधाला परिषदेत उत्कृष्ट पोस्टरचं बक्षीस आहे आणि पीएचडीची फेलोशिप आहे. विद्यार्थ्यांपुरत्या स्पर्धेतल्या बक्षिसांकडे अधिकारी साशंक नजरेनं बघतो, आणि फेलोशिप त्याच्या लेखी पुढच्या शिक्षणाचा खर्च असतो, झालेल्या कामाचा गौरव नव्हे. भटनागर पुरस्कार असता तर गोष्ट वेगळी होती. तो देशपातळीवरचा आहे हे दाखवायला कष्ट पडत नाहीत. सदस्यत्वाचंही असंच. वर्गणी भरून मिळणारं सदस्यत्व चालत नाही. तज्ज्ञांनी कर्तृत्व पाहून निवड केलेली असावी लागते. आयईईई या विद्युत-इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संस्थेच्या फेलो श्रेणीचं उदाहरण खात्याच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत दिलंय. फेलोच्या खालच्या पायऱ्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांना मात्र बरेचदा निराश व्हावं लागतं.

म्हणून बहुतेक संशोधकांचं घोडं एकाच ठिकाणी येऊन अडतं: मूळ योगदान, तेही मोठ्या महत्त्वाचं. खरी लढाई इथे होते.

‘मूळ’ सिद्ध करणं अवघड नाही. नवं काही नसेल तर निबंध छापूनच येत नाही. अडचण ‘मोठ्या महत्त्वा’ची. खात्याचा प्रश्न असतो की या कामामुळे तुमच्या क्षेत्रात काय बदललं? पुढे बदलेल, असं म्हणून भागत नाही. बदललेलं दाखवावं लागतं. २०२२ मध्ये फिफ्थ सर्किटच्या न्यायालयापुढे अमीन नावाच्या एका रासायनिक अभियंत्याचं प्रकरण आलं. ज्या प्रकल्पांवर त्यांनी काम केलं त्यांच्यासाठी ते महत्त्वाचं होतं, यावर फारसा वाद नव्हता. पण त्या प्रकल्पांबाहेर, एकूण क्षेत्रावर त्याचा काय परिणाम झाला हे फायलीतून दिसलं नाही आणि नकार कायम राहिला. कंपनीत काम करणाऱ्या आपल्या बऱ्याच इंजिनीअर मंडळींनी हे प्रकरण नीट वाचावं. मालकाचे लाखो डॉलर वाचवले हा उत्तम गुण आहे, पगारवाढीसाठी.

आता मेधाकडे काय आहे? ‘माझे चारशे सायटेशन आहेत’ हे वाक्य अधिकाऱ्याला काहीच सांगत नाही. चारशे म्हणजे जास्त की कमी? गणितात ते डोळे दिपवणारे असतील, जैवरसायनात मध्यम. कायद्यात आकडा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटांत ‘किती सायटेशन लागतात?’ हा प्रश्न रोज पडतो आणि रोज वेगळं उत्तर मिळतं, त्याचं कारण हेच. करायचं ते असं की, आकडा तुलनेत मांडायचा. वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या सूचीच्या आकडेवारीत विषय आणि वर्ष यांनुसार उंबरठे मिळतात: अमुक विषयात अमुक वर्षी छापलेला निबंध सर्वाधिक उद्धृत एक टक्क्यात यायला किती सायटेशन हवेत, दहा टक्क्यांत यायला किती. मेधाचे दोन निबंध पहिल्या एक टक्क्यात बसत असतील तर ते दोनच निबंध तिच्या फायलीचा कणा. उरलेले बारा पुरवणी म्हणून.

पण तुलनेनंही काम पुरं होत नाही. कुणी कसं उद्धृत केलं हे उघडून दाखवावं लागतं. प्रस्तावनेत ‘या विषयावर बरंच काम झालं आहे’ म्हणून कंसात दहा नावं टाकतात, त्यातलं एक असणं वेगळं. आणि ‘आम्ही पडदा अमुक यांच्या पद्धतीनं तयार केला’ असं प्रयोगाच्या भागात लिहिलेलं असणं वेगळं. दुसऱ्या प्रकारची पाच वाक्यं, पिवळ्या मार्करनं अधोरेखित करून, शंभर कोरड्या सायटेशनना भारी पडतात. कुणी पेटंटमध्ये तिच्या कामाचा आधार घेतला, कुठल्या कंपनीनं तंत्राचा परवाना घेतला, सरकारी अहवालात उल्लेख आला, पाठ्यपुस्तकात आकृती गेली, तर ते सोन्याहून पिवळं.

आणि शिफारसपत्रं. आपल्याकडे अशी समजूत असते की पत्र देणारा जितका मोठा, तितकं पत्र वजनदार. कझारियनना थॉर्न यांचं पत्र होतं, त्याचं काय झालं ते वर आलंच आहे. पत्रांचे दोन प्रकार. गाइडचं किंवा सहलेखकाचं पत्र तुम्ही नेमकं काय केलं हे सांगतं. सहा लेखकांच्या निबंधात मेधाचा वाटा कोणता हे तिच्या गाइडशिवाय कोण सांगणार? दुसरं पत्र अशा माणसाचं, जो तुम्हाला कधी भेटलेला नाही, पण तुमचं काम त्यानं वापरलंय. असं पत्र मागायला संकोच वाटतो. अनोळखी प्राध्यापकाला ‘माझं कौतुक करून द्या’ असं लिहिणं मराठी मध्यमवर्गीय संस्कारात बसत नाही. पण अमेरिकेतल्या विद्यापीठांत ही रुळलेली रीत आहे, आणि मागितल्यावर बरेच जण देतातही. पत्राचा मसुदा अर्जदारानं किंवा वकिलानं करून देणं हेही रूढ आहे. मात्र पाच वेगवेगळ्या देशांतल्या पाच प्राध्यापकांच्या पत्रांत एकच वाक्य एकाच विरामचिन्हासह आलं की अधिकाऱ्याच्या भुवया उंचावतात, आणि त्या उंचावायलाच हव्यात. ‘अत्यंत प्रतिभावान’, ‘अद्वितीय’ अशी विशेषणं ओळीनं लावण्यापेक्षा ‘२०२१ साली आमच्या प्रयोगशाळेनं हिची पद्धत घेतली आणि गाळण्याचा वेग अमुक पट झाला’ हे एक वाक्य पुष्कळ.

तीन निकष झाले, म्हणजे मंजुरी? नाही. इथेच कझारियनची दुसरी पायरी येते. आता अधिकारी सगळी फाइल एकत्र बघतो आणि स्वतःला विचारतो, ही व्यक्ती आपल्या क्षेत्राच्या अगदी वरच्या थरातल्या मोजक्यांपैकी आहे का, आणि तिचा लौकिक टिकून राहिलेला आहे का? पहिल्या पायरीवर बाजूला ठेवलेले प्रश्न इथे मागल्या दारानं परत येतात. पस्तीस पिअर रिव्ह्यू? या क्षेत्रातले सगळेच करतात, मग यात विशेष काय? नियतकालिक कोणतं? संपादक मंडळावर आहात का? परिषदेत बोललात ते अर्ज करून की आयोजकांनी आपणहून बोलावलं म्हणून? खात्याच्या मार्गदर्शिकेत या पायरीसाठी अनुकूल ठरणाऱ्या गोष्टी दिल्या आहेत: नियतकालिकांचा दर्जा, क्षेत्राच्या मानानं सायटेशन किंवा एच-इंडेक्स (निबंध आणि त्यांची सायटेशन मिळून काढलेला आकडा), नामांकित संस्थांमधलं काम, न मागता आलेली व्याख्यानाची निमंत्रणं. माझ्या मते या पायरीत अधिकाऱ्याच्या मर्जीला गरजेपेक्षा जास्त जागा आहे. सारख्याच फायलींवर दोन अधिकारी दोन निर्णय देतात, ही तक्रार करणाऱ्या वकिलांचं मला पटतं.

पुराव्याचं माप मात्र वाटतं तितकं कडक नाही. फौजदारी खटल्यासारखं ‘संशयातीत’ सिद्ध करायचं नसतं. दावा खोटा असण्यापेक्षा खरा असण्याची शक्यता जास्त, एवढं दिसलं की पुरे. हे माप स्पष्ट करणारा २०१० चा प्रशासकीय निर्णय ‘मॅटर ऑफ चवाथे’ या नावानं ओळखला जातो. प्रकरण संशोधकाचं नव्हतंच, नागरिकत्वासाठी लागणाऱ्या वास्तव्याच्या मोजणीचं होतं. पण आज संशोधकांच्या जवळपास प्रत्येक अर्जात वकील हे नाव उद्धृत करतात.

या सगळ्यातून एक धंदा उभा राहिलाय. ‘प्रोफाइल बिल्डिंग’. पैसे भरा, पुरस्कार घ्या. पैसे भरा, परीक्षक व्हा. पैसे भरा, तुमच्यावर लेख छापून आणतो. कुणाच्या तरी निबंधात सहलेखक म्हणून नाव घालून देतो. समाजमाध्यमांवर याच्या उघड जाहिराती असतात आणि गिऱ्हाइकांत आपली माणसं कमी नाहीत. यात नैतिक प्रश्न आहेच, पण व्यवहाराचाही आहे. प्रवेश शुल्क भरून मिळणारे पुरस्कार अधिकाऱ्यांच्या आता चांगल्या ओळखीचे झालेत. आणि अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर फक्त तो अर्ज जात नाही. अमेरिकेत प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते. अगोदर मंजूर झालेलं आय-१४० ही रद्द करता येतं.

ईबी-१-बी बद्दल कमी बोललं जातं, खरं तर विद्यापीठातल्या माणसाला बरेचदा तोच रस्ता सोयीचा. निकष सहा, लागतात दोन. मेधाचे लेख आणि पिअर रिव्ह्यू इथेच दोन भरतात, अर्थात दुसरी पायरी इथेही आहे. कसोटी ‘आंतरराष्ट्रीय पातळीवर नामवंत’ अशी, म्हणजे शिखरावरच्या मोजक्यांत असण्यापेक्षा एक इयत्ता खाली. अटी दोन. अध्यापनाचा किंवा संशोधनाचा तीन वर्षांचा अनुभव, आणि कायम स्वरूपाची जागा: टेन्युअर (कायमची नेमणूक), टेन्युअर ट्रॅक (तिच्याकडे नेणारी जागा) किंवा मुदत न ठरलेलं संशोधनपद. खासगी कंपनी असेल तर तिच्याकडे किमान तीन पूर्णवेळ संशोधक हवेत. पीएचडी करतानाचा संशोधनाचा अनुभव तीन वर्षांत धरतात का? पदवी पूर्ण झालेली असेल आणि ते संशोधन क्षेत्रात नामवंत म्हणून मान्य झालं असेल तर, नाहीतर नाही. मेधाची अडचण वेगळीच आहे. पोस्टडॉकची जागा मुदतीची असते, म्हणून बहुतेक विद्यापीठं पोस्टडॉकसाठी हा अर्ज करतच नाहीत. ती सहायक प्राध्यापक झाली की चित्र पालटेल.

एनआयडब्ल्यूचा तर्क आणखी निराळा. दुसऱ्या पसंतीत एरवी मालकाला आधी जाहिरात देऊन ‘या जागेला अमेरिकी माणूस मिळत नाही’ हे श्रमखात्याकडून मान्य करून घ्यावं लागतं. काम देशहिताचं असेल तर ही अट माफ. कधी माफ करायची याची आजची कसोटी डिसेंबर २०१६ च्या धनसार निर्णयातून आली. धनसार हे हायपरसॉनिक, म्हणजे ध्वनीच्या पाचपट आणि त्याहून जास्त वेगाच्या, उड्डाणाशी निगडित प्रोपल्शनवर काम करणारे संशोधक. त्यांचा अर्ज मंजूर झाला आणि १९९८ पासूनची जुनी कसोटी गेली. नवे प्रश्न तीन: हाती घ्यायचं काम मोलाचं आणि राष्ट्रीय महत्त्वाचं आहे का? ते पुढे न्यायला ही व्यक्ती समर्थ आहे का? आणि सगळा विचार करता जाहिरातीची अट सोडणं देशाच्या फायद्याचं आहे का?

फरक इथे आहे. ईबी-१-ए मागे वळून बघतं, एनआयडब्ल्यू पुढे. म्हणून मेधानं ‘मी रसायनशास्त्रज्ञ आहे आणि पाणी महत्त्वाचं आहे’ एवढं लिहून भागणार नाही. विषय महत्त्वाचा असून उपयोग नाही, तिचा नेमका संकल्प महत्त्वाचा हवा. खासगी विहिरींवर अवलंबून असलेल्या ग्रामीण अमेरिकेत आर्सेनिकचा प्रश्न आहे, तिचे पडदे तिथे कसे वापरता येतील, पुढच्या काही वर्षांत ती काय करणार, पैसा कुठून येणार, सोबत कोण आहे, असा आराखडा लागतो. २०२२ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानातल्या पीएचडीधारकांना अनुकूल अशा सूचना निघाल्या, अर्जांचा पूर आला, आणि त्यानंतर हात आखडला गेला. जानेवारी २०२५ च्या सूचनांनी आणखी बारकाईनं तपासायला सांगितलं. दोन-तीन वर्षांपूर्वी मित्राला सहज मिळालं म्हणून आपल्यालाही मिळेल, हा हिशेब आता चालत नाही.

आता भारतात जन्मलेल्यांचा खास प्रश्न. पात्र ठरणं आणि ग्रीन कार्ड हातात येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आय-१४० मंजूर झालं म्हणजे रेशनच्या रांगेतला नंबर मिळाला; धान्य यायचंय. पहिल्या पसंतीला वर्षाला साधारण ४० हजार ग्रीन कार्डं. कोणत्याही एका देशाला एकूण संख्येच्या सात टक्क्यांची मर्यादा, म्हणजे भारताच्या वाट्याला हक्कानं तीन हजारही नाहीत. त्यातून नवरा, बायको, मुलं हीही मोजली जातात. इतर देशांनी न वापरलेली आपल्याकडे वळतात म्हणून गाडी हलते. अर्ज दाखल झाल्याची तारीख हा रांगेतला नंबर, आणि कोणत्या तारखेपर्यंतच्यांची पाळी आली हे सांगणारं व्हिसा बुलेटिन परराष्ट्र खातं दर महिन्याला काढतं. २०२५ च्या मध्यावर भारतासाठी पहिल्या पसंतीची तारीख फेब्रुवारी २०२२ वर होती आणि दुसऱ्या पसंतीची जानेवारी २०१३ वर. म्हणजे एनआयडब्ल्यू तेव्हा मंजूर झालं तरी रांगेत पुढे बारा वर्षांहून जुनी माणसं उभी होती.

देश ठरतो तो जन्मस्थानावरून, पासपोर्टवरून नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला गोंयकार मडगावात जन्मला असेल तर तो भारताच्याच रांगेत. उलट, आईवडील पुण्याचे, पासपोर्ट भारतीय, पण जन्म मस्कतचा, तर ओमानची रांग, जिथे गर्दी जवळपास नाहीच. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर दोघांनाही त्या देशाची रांग धरता येते.

मग भारतीयांनी एनआयडब्ल्यूच्या वाटेला जावं की नाही? माझं उत्तर: जावं, आणि लवकर जावं. कारण तारीख तुमच्याबरोबर प्रवास करते. मेधानं समजा २०२१ मध्ये एनआयडब्ल्यू भरलं, मंजूर झालं, आणि २०२५ मध्ये निबंध वाढल्यावर ईबी-१-ए मिळवलं, तर नव्या अर्जाला जुनी २०२१ चीच तारीख लावून मागता येते. पहिल्या पसंतीची तारीख फेब्रुवारी २०२२ वर असताना तिचा नंबर तत्काळ लागतो. याउलट २०२५ मध्येच पहिल्यांदा अर्ज करणारा तिच्याहून कितीही मोठा शास्त्रज्ञ असला तरी थांबतो. पोस्टडॉकच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात ‘आपली फाइल अजून कच्ची आहे’ म्हणून थांबणाऱ्यांचं नुकसान होतं ते इथे. शिवाय मंजूर आय-१४० च्या जोरावर एच-१-बी हा नोकरीचा तात्पुरता व्हिसा सहा वर्षांपलीकडे वाढवता येतो आणि एच-४ या आश्रिताच्या व्हिसावरच्या जोडीदाराला कामाचा परवाना मागता येतो. हे फायदे ग्रीन कार्डाची वाट न पाहता मिळतात.

घाई असेल तर जादा फी भरून ‘प्रीमियम प्रोसेसिंग’ घेता येतं: ईबी-१-ए आणि बी साठी कामाचे १५ दिवस, एनआयडब्ल्यूसाठी ४५. त्या मुदतीत उत्तर येतं, होकारच येतो असं नाही. जादा पुरावे मागणारी आरएफईसुद्धा उत्तरच. फी अडीच हजार डॉलरहून जास्त आहे, आणि रांग लांब असताना ती भरून नंबर एक दिवसही पुढे सरकत नाही.

जाता जाता, सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशानं ‘गोल्ड कार्ड’ आलं. सरकारला दहा लाख डॉलरची देणगी दिली की ती देणगीच असामान्य क्षमतेचा किंवा राष्ट्रीय हिताचा पुरावा धरायची. सायटेशन मोजत बसलेल्या पोस्टडॉकनं यावर काय म्हणावं, ते त्याचं त्यानं ठरवावं.

तात्पुरत्या व्हिसांपैकी ओ-१ हा ईबी-१-ए चा धाकटा भाऊ शोभतो. आठ निकष, लागतात तीन, पहिली मंजुरी तीन वर्षांपर्यंत. वार्षिक कोटा नाही. पण अर्ज स्वतःच्या नावानं करता येत नाही, मालक किंवा एजंट लागतो. आणि ओ-१ मिळाला म्हणून ईबी-१-ए मिळेलच, असं नाही. शब्द सारखे असले तरी ग्रीन कार्डाच्या वेळी हात जास्त आखडलेला असतो.

शेवटची गाठ जे-१ ची, म्हणजे शिक्षण-संशोधनाच्या देवाणघेवाणीसाठीच्या व्हिसाची. बरेच पोस्टडॉक याच व्हिसावर जातात आणि सहीच्या वेळी एक ओळ न वाचता पुढे सरकतात. सरकारी पैशावर गेलेल्यांना, उदाहरणार्थ फुलब्राइट शिष्यवृत्तीवर, आणि वैद्यकीय प्रशिक्षणाला गेलेल्या डॉक्टरांना दोन वर्षं मायदेशी राहून यावं लागतं. ते होईपर्यंत किंवा ती अट माफ होईपर्यंत एच-१-बी नाही आणि ग्रीन कार्डही नाही. आय-१४० मंजूर होऊ शकतं, पण पुढची पायरी बंद. पूर्वी भारतीयांना ‘स्किल्स लिस्ट’मुळेही, म्हणजे मायदेशाला गरज असलेल्या कौशल्यांच्या यादीमुळेही, ही अट लागायची, डिसेंबर २०२४ मध्ये भारताचं नाव त्या यादीतून वगळलं, त्यामुळे खूप जण एका रात्रीत मोकळे झाले. यादीमुळे अडकलेल्यांनी जुना व्हिसा आणि डीएस-२०१९ (जे-१ साठी मिळणारं प्रमाणपत्र) पुन्हा काढून बघावं. त्यावर छापलेला शेरा शेवटचा शब्द नसतो.

ज्यांना अजून माफी लागते त्यांना भारत सरकारचं ना-हरकत पत्र मिळवावं लागतं, आणि त्यासाठी राज्य सरकार, केंद्राचं शिक्षण खातं, पासपोर्ट कार्यालय अशी दारं झिजवावी लागतात. डॉक्टरांना हा मार्ग कायद्यानंच बंद आहे. त्यांना डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं सेवा देण्याचा करार करून माफी मिळवावी लागते. सरकारी पैशावर गेलेल्यांच्या बाबतीतही ना-हरकत पत्रानं सहसा भागत नाही. म्हणून निबंधांची यादी आणि शिफारसपत्रं गोळा करायला बसण्याआधी मेधानं पहिल्यांदा उघडायला हवा तो तिचा स्वतःचा डीएस-२०१९.